सालसाची जेंट्स बॅच

आधीच सांगून टाकतो, मला नाचातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. मी अनंतराव. लातूरला पंचवीस वर्षं फिजिक्सचा क्लास चालवला. निम्म्या मराठवाड्याचे डॉक्टर माझ्या बाकांवरून उठून गेलेत आणि त्यातले निम्मे आता रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नाहीत. असो. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या मोठ्या कंपन्यांनी एसी लावून क्लास काढले, पोरं तिकडं पळाली आणि मी शटर ओढलं. तेव्हापासून मी घरीच होतो. घरी म्हणजे काय, घरात जेवढी माणसं तेवढ्यांना शिकवून राहिलो होतो, आणि घरात माझ्याशिवाय एकटी विशाखा.

विशाखा माझी बायको. शाळेत भूगोल शिकवते. कूकर कधी लावायचा, दूध कधी तापवायचं, याचं मी एक टाइमटेबल करून स्वयंपाकघरात चिकटवलं होतं. तिनं ते काढलं आणि मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलं. भांडली नाही, बोलली नाही. बोलली असती तर मी तरी दोन शब्द बोललो असतो ना.

मार्चमध्ये तिची ऑर्डर आली. संस्थेनं तिला मुख्याध्यापिका केलं, पण नांदेडच्या शाळेवर. पंधरा जूनला रुजू व्हायचं, तीन वर्षं तिथंच. मी म्हणालो, काही गरज नाही, नको म्हणून कळवून टाक. ती म्हणाली, मी जाणार आहे. बस्स, एवढंच. त्यानंतर मी एक दिवसाआड तो विषय काढायचो आणि ती दर वेळी उठून कपडे वाळत घालायला जायची. आमच्या घरात त्या दिवसांत कपडे लई वाळले.

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. रिकाम्या घरात मी एकटा काय करणार, हा विचार डोक्यातून जाईना. पण तसं म्हणायची आपल्याला सवय नाही, म्हणून मी नांदेडच्या उन्हाला नावं ठेवायचो. लातूरला जणू बर्फ पडतो.

त्याच सुमाराला मिहिर आला. मिहिर औशाचा, माझा जुना विद्यार्थी. डॉक्टर व्हायला त्यानं तीनदा परीक्षा दिली आणि तिन्ही वेळा मी त्याच्या बापाला छातीठोकपणे सांगितलं होतं, यंदा नक्की. मग तो पुण्याला पळाला, तिथं सालसा शिकला, चांगला शिकला म्हणे, आणि आता माझ्याच घरावरच्या रिकाम्या हॉलमध्ये क्लास काढायला परत आला होता. त्यानं बोर्ड लावला, ‘जोडीने या, सालसा शिका’. तेरा दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. लातूरला लोक जोडीनं फक्त सत्यनारायणाला बसतात. एक बाई तेवढ्या जिना चढून आल्या आणि त्यांनी विचारलं, याचे मार्क कुठं धरतात का?

माझा हॉल रिकामा बघवेना मला. इतकी वर्षं ज्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची, तिथं हे पोरगं एकटं आरशासमोर कंबर हलवत होतं. मी त्याला खाली बसवलं आणि समजावलं, बाबा, तुझं शिकवणं बरोबर असेल, पण पद्धत चुकली. जेंट्स बॅच सकाळी सहाला, लेडीज बॅच संध्याकाळी पाचला. आधी थिअरी, मग प्रॅक्टिकल. छापील नोट्स दे, टेस्ट घे, रँक लाव. तो म्हणाला, सर, हा जोडीचा नाच आहे, वेगळ्या बॅच कशा करणार? मी म्हणालो, आधी बॅच भरू दे, जोडीचं पुढं बघू. आठ दिवसांत दोन्ही बॅच भरल्या आणि तिसरीसाठी लोक चिठ्ठ्या आणायला लागले. पुढं जे झालं त्याला जबाबदार मी एकटा, हे आत्ताच कबूल करतो. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागाच ठेवली नाही मी.

शेजारच्या गौरम्माबरोबर विशाखानं संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं. मी म्हणालो, हे काय नवीन थेर, जायची वेळ आली आणि नाच कसला शिकतेस? ती म्हणाली की तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, आता जरा पाय हलवून बघते. तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी विचारलं, “मी पण शिकलो आणि तुझ्याबरोबर नाचलो, तर राहशील?”

तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, “आधी शिका.”

आता बघा, यात राहते असं कुठं म्हणाली ती? पण मी ते होकारात धरलं. आयुष्यभर पेपर तपासले, आणि स्वतःच्या बायकोच्या अर्ध्या उत्तराला पूर्ण मार्क देऊन बसलो.

थिअरी एकदम झकास झाली. मिहिर सांगायचा, आम्ही वहीत उतरवायचो. क्युबा नावाचं बेट आहे, तिथं उसाचे मळे. त्या मळ्यांत राबवायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली, त्यांनी ढोल आणले. स्पेनच्या लोकांनी गिटार आणली. या दोन्हींच्या मिसळणीतून ‘सोन’ नावाचं गाणं-नाचणं तयार झालं. क्लावे म्हणून दोन जाड लाकडी दांड्या असतात, त्या एकमेकींवर आपटतात आणि सगळा ताल त्यांच्या भरवशावर चालतो. पुढं क्युबा आणि पोर्टो रिकोची माणसं पोटासाठी न्यूयॉर्कला गेली, तिथं त्यात आणखी चार गोष्टी पडल्या आणि सालसा नाव पडलं. सालसा म्हणजे रस्सा. गुंडप्पाला हे लई पटलं. गुंडप्पा हा गौरम्माचा नवरा, मूळ निलंग्याचा, इथं पाइप आणि मोटरीचं दुकान. तो म्हणाला, ऊस त्यांच्याकडं, ऊस आपल्याकडं. त्यांच्या उसातून नाच निघाला आणि आपल्या उसातून नुसत्या निवडणुका.

पन्नास प्रश्नांची टेस्ट झाली. त्यातले वीस प्रश्न मीच काढून दिले होते, त्यामुळं मला पन्नासपैकी पन्नास पडले. विशाखाला एकतीस. तिनं निम्मा कागद क्युबाच्या नकाशात घालवला, डोंगरसुद्धा दाखवले. मिहिरनं माझा फोटो लावून फ्लेक्स केला, ‘सालसा थिअरी, जिल्ह्यात प्रथम’. जिल्ह्यात दुसरा क्लास नव्हता, पण ते लिहायची पद्धत नाही.

आता प्रॅक्टिकल. मिहिर म्हणाला, जोडीत एक जण नेणारा, एक जण जाणारा. तालाच्या आठ मात्रा. एकला नेणारा डावा पाय पुढं टाकतो, त्याच वेळी जाणारा उजवा पाय मागं घेतो. दोनला दुसरा पाय जागच्या जागी, तीनला पाय परत जवळ. पाच, सहा, सात याच्या उलट, म्हणजे नेणारा मागं आणि जाणारा पुढं. जेंट्स बॅचमध्ये सगळे जेंट्सच, त्यामुळं निम्म्यांना एक बाजू करावी लागणार आणि निम्म्यांना दुसरी. निवड रँकप्रमाणं. पहिला नंबर माझा. मी विचारलं, दोन्हींत अवघड काय? मिहिर म्हणाला, सर, जाणं जास्त अवघड, कारण पुढचं आधी माहीत नसतं. मग मला तेच दे, मी म्हणालो. लातूरला सोपा पेपर निवडणाऱ्याकडं लोक कसं बघतात, हे लातूरकरालाच कळेल. माझं बघून दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरानंही अवघड बाजूच मागितली. मिहिर काहीतरी बोलायला गेला, पण सरांपुढं बोलायची हिंमत झाली नसावी.

गुंडप्पाचा रँक शेवटून दुसरा, म्हणून त्याला सोपी बाजू, आणि तो माझ्या वाट्याला. रोज सकाळी सहाला तो डावा हात माझ्या उजव्या हातात द्यायचा, उजवा माझ्या पाठीच्या पात्याखाली ठेवायचा, आणि आम्ही सुरू. गुडघे थोडे वाकलेले, पावलं छोटी, अंगाचा सगळा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्ण न्यायचा, मग कंबर आपोआप हलते. मुद्दाम हलवायची नसते. गुंडप्पाची आपोआप हलायला लागली की हॉलच्या खिडक्या वाजायच्या.

माझी गाडी अडायची चारवर. एक, दोन, तीन, आणि चार? मिहिर म्हणाला, चारला काही नाही सर, थांबायचं. आठलाही तसंच. मी विचारलं, थांबून काय करायचं? तो म्हणाला, काहीच नाही. माझं रक्तच तापलं. पंचवीस वर्षं मी पोरांना ओरडून सांगितलं की एकही प्रश्न कोरा सोडू नका, आणि हा मला मात्रा कोरी सोडायला सांगून राहिला. मी चारला हळूच एक पाय आपटायचो. तो बरोब्बर गुंडप्पाच्या अंगठ्यावर पडायचा. बिचाऱ्याचं नख काळं पडलं. तो एवढंच म्हणाला, “सर, तुम्ही मला नेऊन राहिले का मी तुम्हाला?”

पाच आठवडे असे गेले. मग मिहिरनं एक दिवस मोबाइलवर क्युबातल्या एका जोडप्याचा व्हिडिओ दाखवला आणि माझ्या लक्षात आलं. बाप्या नेत होता. माझं जे सगळं घोटून घोटून पाठ झालं होतं, ते त्याच्यासमोरची झगा घातलेली बाई करत होती. गिरकीसकट. मी मिहिरला कोपऱ्यात घेतलं. तो म्हणाला, सर, तुम्हीच अवघड मागितलं, आणि तुमच्याइतका चांगला जाणारा माझ्या एकाही बॅचमध्ये नाही. याच्यावर रागवावं का फुलून जावं, ते मला ठरवता येईना. शेवटी रागावलो.

क्लासचं संमेलन दहा जूनला होतं. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही बॅच एकत्र येणार, नवरा-बायको जोडीनं नाचणार, खुर्च्यांवर सगळे नातेवाईक. मी डोक्यात राख घालून घरी आलो आणि नेणाऱ्याची बाजू स्वतःच शिकायला लागलो. जोडीला कुणी नव्हतं, म्हणून गॅसचं रिकामं सिलिंडर घेतलं. उंचीला कमी, पण तक्रार करत नाही. भर दुपारी ते घेऊन मी बैठकीच्या खोलीत एक-दोन-तीन करत होतो आणि ते माझ्या हातून सुटून घरंगळत थेट स्वयंपाकघराच्या दारात गेलं. तिथं विशाखा उभी होती. तिनं ते पायानं अडवलं, सरळ उभं केलं आणि म्हणाली, “त्याला तरी विचारा, कुठं जायचंय त्याला.”

तिला सगळं माहीत होतं. गुंडप्पानं गौरम्माला सांगितलं होतं आणि गौरम्मानं अख्ख्या बॅचला. वर मला हेही कळलं की लेडीज बॅचमध्ये विशाखा नेणारी होती. एकतीस मार्कांत तीच बाजू मिळाली तिला. गौरम्मा तिची जोडीदार, आणि गौरम्मा सांगत होती की विशाखाबाईंनी धरलं की पडायची भीती नाही. मी विशाखाला म्हणालो, हे बघ, संमेलनात मी नेणार, तू जायचं, लोक काय म्हणतील? ती बरं म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पुन्हा कपडे वाळत.

दहा जूनला हॉल खचाखच. मी नवा शर्ट घातला होता आणि मनात एकच हिशेब, आज नाचून दाखवायचं आणि नाचता नाचता तिच्याकडून नांदेड रद्द करून घ्यायचं. हातात हात असेल, लोक बघत असतील, नाही कशी म्हणेल?

पहिल्यांदा गुंडप्पा आणि गौरम्मा. तो नेणारा, ती जाणारी, बिनबोभाट पार पडलं. खिडक्या वाजल्या, टाळ्याही वाजल्या. मग तहसीलमधून रिटायर झालेले अमृतराव आणि त्यांच्या उमादेवी आले. हे दोघंही आपापल्या बॅचमध्ये नेणारे. एकला दोघांनी डावा पाय पुढं टाकला आणि गुडघ्यावर गुडघा आदळला. पाचला दोघं मागं. पुन्हा एकला धडक. चाळीस वर्षांच्या संसारात जे काही सांगायचं राहिलं होतं, ते त्यांनी तिथं गुडघ्यांनी सांगून घेतलं. शेवटी उमादेवींनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि एकट्याच नाचल्या. त्यांच्यानंतर आमच्या बॅचचा रँक दोन, तोही जाणारा आणि त्याची बायकोही जाणारी. क्लावे वाजलं, दोघं शहाण्यासारखे मागं गेले. मग आणखी मागं. पुढं यायचं ते समोरच्यानं आणल्याशिवाय यायचं नाही, असं शिकलेले. तो पाण्याच्या जारपर्यंत पोचला, ती चपलांच्या रॅकपर्यंत, आणि दोघं तिथूनच एकमेकांकडं आशेनं बघत राहिले. लोक हसून हसून बेजार झाले. मिहिर माइकवर म्हणाला, ही ॲडव्हान्स स्टेप आहे.

मग आमचं नाव. मी तिचा हात धरला आणि ठरवल्याप्रमाणं डावा पाय पुढं टाकला. तिनंही टाकला. माझा चष्मा तिच्या कपाळावर आपटून वाकडा झाला. हॉलमध्ये हशाची पहिली लाट उठली. मी तिला ओढलं, ती जागची हलली नाही. मी दात-ओठ खाऊन एक-दोन-तीन मोजलं आणि चारला सवयीनं पाय आपटला, या वेळी तिच्या पायावर. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुखलं म्हणून असेल. पण ते बघितलं आणि मी ओढायचं सोडलं.

ती माझ्या कानाशी म्हणाली, “अहो, राहू द्या. मी नेते.”

माझी इज्जत, माझा फ्लेक्स, खुर्च्यांवरचे सत्तर नातेवाईक, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. तिनं हात बदलले. तिचा उजवा हात माझ्या पाठीच्या पात्याखाली आला आणि माझा उजवा पाय, मी न सांगता, मागं गेला.

काय सांगू तुम्हाला. पाच आठवडे गुंडप्पाबरोबर घासलेलं सगळं एकदम जागेवर बसलं. पाठीवरचा तिचा तळवा थोडा दाबला की मी पुढं, थोडा सैल झाला की मी मागं. कुठं खुर्ची आहे, कुठं टेबलफॅनची वायर आहे, ते सगळं ती बघत होती, मला काही बघायचं नव्हतं. तिनं हात वर केला, मी गिरकी घेतली. वजन बघता बरी घेतली. चार आला. ती थांबली, म्हणून मीही थांबलो. पाय आपटला नाही. तेवढ्या वेळात मी तिचा चेहरा बघितला. एवढ्या जवळून आणि काही न शिकवता मी तो कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. ती खूश होती.

आणि मला लाज वाटली, सरळ सांगतो. किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी ती नांदेडलाच शिकवत होती, कायम नोकरी, मुलींची लाडकी बाई. मी इथं लातूरला. लोक घरात झोपायला घाबरत होते, पोरांची वर्षं वाया चालली होती, म्हणून मी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास सुरू केला आणि तिला कळवलं, निघून ये. विचारलं नव्हतं, बोलावलं होतं. ती नोकरी सोडून आली. शेडमध्ये बसून माझ्या नोट्स लिहिल्या, बाहेरगावच्या पोरांना जेवायला वाढलं, मग इथल्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून लागली. पुढं काय आहे ते तिला माहीत नव्हतं, तरी आली. मी मात्र ऑर्डर आल्यापासून तिला एकच गोष्ट सांगत होतो, राहा म्हणून.

गाणं संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, गुंडप्पा शिट्ट्या मारत होता. माझा हात अजून तिच्याच हातात होता. मी जे मागायचं ठरवून आलो होतो, ते माझ्या तोंडून निघेना. निघालं ते भलतंच.

“नांदेडला संस्था राहायला जागा देते ना,” मी म्हणालो, “ती एकाची का दोघांची?”

“दोघांची,” ती म्हणाली. “मार्चमध्येच मागून घेतलीय. तुम्ही विचारलंच नाही.”

मी मान हलवली आणि तिच्या मागं चपला घालायला गेलो.